पार्ट बदलल्यावर मिसिंगचा दिवा लागतो, पुसला तरी परत येतो: पी०३०० ते पी०३०४ कसा सोडवायचा

नवा इनटेक किंवा हेडर बसवला, प्लग बदलले, ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरचा, रीमॅप करून घेतला. दोन-चार दिवस गाडी सुरेख पळते. मग बेळगावजवळच्या वंटमुरीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन हिसके देतं आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. स्कॅनरवर पी०३०२ दिसतो, म्हणजे २ नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग, तो पेटायला चुकतोय. कोड पुसला तर आठवड्याने तोच परत. कॉइल बदलली तरी परत. शेवटी चारही इंजेक्टर बदलायची गोष्ट निघते.

एवढा खर्च बहुतेक वेळा लागतच नाही. हा कोड कुठला पार्ट गेला ते सांगत नाही. अमुक सिलिंडरच्या पाळीला क्रँक हवा त्या वेगाने फिरला नाही, एवढंच तो सांगतो. का फिरला नाही, ते आपण शोधायचं असतं. आणि पार्ट बदलल्यानंतर कोड आला असेल तर शोध त्या पार्टपासून, म्हणजे जिथे हात लागला तिथूनच सुरू करायचा.

आधी दिवा नीट बघा

दिवा लुकलुकत असेल तर पाय लगेच उचला आणि जमेल तिथे गाडी बाजूला घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला एकेक सिलिंडर मिनिटाला १५०० वेळा पेटतो. त्यातला एक पेटत नसेल तर त्याचं सगळं पेट्रोल आणि हवा तशीच एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (कॅट) जाऊन तिथे जळते. कॅटच्या आतली सिरॅमिकची जाळी वितळते, तुकडे पडून वाट बंद होते आणि प्लगवरच्या शे-दोनशे रुपयांच्या रबरी बूटमुळे हजारोंचं नुकसान होतं. ईसीयू साधारण २०० फेऱ्यांच्या हिशेबावर हा धोका ठरवतो. ३००० आरपीएमला २०० फेऱ्या म्हणजे फक्त ४ सेकंद. म्हणून लुकलुकणाऱ्या दिव्यावर घरापर्यंत जायचा विचारसुद्धा करू नका.

दिवा स्थिर असेल तर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. यात ईसीयू १००० फेऱ्यांच्या टप्प्यात मोजतो आणि बहुधा सलग दोन वेळच्या चालवण्यात दोष दिसला तरच दिवा लावतो. कोड आज आला म्हणून दोष आजचाच असेल असं नाही, त्याचं कारण हेच.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या

सगळ्यात जास्त चूक इथे होते. स्कॅनर लावला की पहिलं बोट "क्लिअर" वर जातं. कोडबरोबर ईसीयूने त्या क्षणाचा फोटो काढून ठेवलेला असतो: आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, गाडीचा वेग, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या मापात केलेली टक्क्यांतली दुरुस्ती). कोड पुसला की तो फोटो जातो, शिकलेले ट्रिमही जातात, आणि पुढचे शे-दीडशे किलोमीटर ट्रिमचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढा, मग हवं ते करा.

फ्रीझ फ्रेममधून अर्धा शोध लागतो. ८०० आरपीएम, वेग शून्य, कूलंट ४० अंश असेल तर थंड इंजिनाचा आयडलचा दोष: व्हॅक्युम गळती, काजळलेला प्लग, बदललेला कॅम. ४५०० आरपीएम आणि लोड ९० टक्के असेल तर ठिणगी विझतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय. आरपीएम जास्त पण लोड अगदी कमी असेल, म्हणजे गिअर बदलताना किंवा पाय सोडल्यावर कोड आला असेल, तर हवेत उघडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवलाय का ते बघा. एअर-फ्लो सेन्सर असलेल्या टर्बो गाडीत ईसीयूने मोजून घेतलेली हवा तो बाहेर सोडतो, पेट्रोल मात्र त्या हवेच्या मापाने पडतं. क्षणभर मिश्रण इतकं घट्ट होतं की पेटत नाही.

मोड ०६, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्यांचे आकडे, वाचता येणारं ॲप असेल तर सोन्याहून पिवळं. कॅन बसच्या (आतले कंप्युटर एकाच वायरिंगवर बोलतात अशा) गाड्यांत एमआयडी (तपासणीचा नंबर) ए२ ते ए५ हे अनुक्रमे १ ते ४ नंबरचे सिलिंडर. त्यात टीआयडी (चाचणीचा नंबर) ०सी म्हणजे चालू किंवा शेवटच्या ड्राइव्हमधली मिसिंगची संख्या आणि ०बी म्हणजे मागच्या १० ड्राइव्हची सरासरी. दिवा लागण्याआधीच कुठल्या सिलिंडरचा आकडा वाढतोय ते इथे दिसतं. ब्लूटूथचा स्वस्त डोंगल ट्रिम दाखवतो, पण मोड ०६ मध्ये कित्येकदा अडखळतो. त्यावेळी गॅरेजच्या स्कॅनरवरच बघा.

सिलिंडर मोजताना गोंधळ नको. पी०३०१ म्हणजे १ नंबर, आणि १ नंबर बहुतेक गाड्यांत टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूला असतो. रेनोच्या कित्येक इंजिनांत मात्र १ नंबर फ्लायव्हीलच्या बाजूने मोजतात. तिथे उलट मोजलं तर चांगल्या सिलिंडरची कॉइल बदलली जाते आणि दोष तसाच राहतो.

जोड्याही बोलतात. १ आणि ४ एकत्र आले, आणि दोन सिलिंडरांना मिळून एक कॉइल असलेलं इंजिन असेल, तर ती सामाईक कॉइल किंवा तिची वायर संशयित. २ आणि ३ एकत्र आले तर तोही कॉइलचा जोड असू शकतो, पण ते शेजारी सिलिंडर आहेत. मधलं हेड गॅस्केट फुटलं तरी हेच दोन येतात. कम्प्रेशन बघितल्याशिवाय तिथे कॉइल विकत घेऊ नका. नुसता पी०३०० आला, एकही सिलिंडर ठरत नाही, तर सगळ्यांना लागणारी गोष्ट शोधा: हवा, पेट्रोलचा दाब, बॅटरी, अर्थिंग, किंवा क्रँकची मोजणीच बिघडलेली.

प्लग: सगळ्यात जास्त दोष इथेच

"इरिडियम आहे, गॅप कंपनीनेच लावलेला आहे" हे वाक्य ऐकून प्लग थेट बसवले जातात. बॉक्समधला गॅप कुणाच्या तरी गाडीसाठी बरोबर असतो, तुमच्या बदललेल्या गाडीसाठी असेलच असं नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात १.० ते १.१ मिमी चालतो. कारखान्यातून आलेल्या टर्बो इंजिनात साधारण ०.७ ते ०.८. रीमॅपने बूस्ट वाढवला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल तेवढं देऊ शकली नाही की भर लोडवर ठिणगी विझते. त्या गाडीला ०.६ ते ०.६५ मिमी ठेवून बघा. चढाला, पूर्ण बूस्टवरच हिसके आणि आयडलला गाडी शांत, हे लक्षण असेल तर कॉइल विकत घेण्याआधी गॅप कमी करून बघणं हाच पहिला उपाय.

इरिडियमचा गॅप मोजायची एक पद्धत आहे. मधलं टोक ०.४ ते ०.६ मिमी जाडीचं, सुईसारखं. पट्टीचा फिलर गेज मधे घालून ओढला की ते टोक तुटतं किंवा तिरकं होतं, आणि नवा प्लग तिथेच वाया जातो. तारेचा गेज वापरा, टोकाला टेकवू नका, आणि वाकवायचं ते फक्त बाहेरचं आकड्यासारखं पान. मधल्या टोकावर जोर देऊन काहीही करू नका.

हीट रेंजमध्ये दुसरी फसगत. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे ६ पेक्षा ७ थंड. बॉशमध्ये नेमकं उलट, आकडा कमी तो थंड. ऑनलाइन मागवताना दोन कंपन्यांचे आकडे जुळवून "एक पायरी थंड" घेतला जातो आणि हातात गरम प्लग येतो. उलट बाजूनेही चूक होते. गाडी रोज बेळगावातच शहापूर ते कॅम्प एवढीच फिरते, इंजिन पुरतं तापतच नाही, आणि बसवलेत दोन पायऱ्या थंड प्लग. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच काजळी जळून जाते. ते तेवढं तापलंच नाही तर सकाळी थंड इंजिनावर मिसिंग ठरलेलं. अशा गाडीला नेहमीच्या पायरीचेच प्लग योग्य.

घट्ट करताना हाताच्या अंदाजावर जाऊ नका. ॲल्युमिनियम हेडला १४ मिमीचा वायसरवाला प्लग २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीचा १५ ते २०. टॉर्क रेंच नसेल तर नवा १४ मिमी प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवून नंतर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. आट्यांना ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावली तर त्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो, म्हणून लावू नका.

आता प्लग हातात घेऊन उजेडात बघा. पांढऱ्या सिरॅमिकवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलने काढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर ठिणगी बाहेरच्या बाहेर घसरतेय. प्लग आणि बूट दोन्ही टाकून द्या. एकच बदलला तर जुन्यावरची रेघ नव्यावर छापली जाते. लोखंडी भागाला लागून सिरॅमिकभोवती तपकिरी कडं दिसतं, त्याला घाबरायचं कारण नाही. उच्च व्होल्टेजमुळे तेलाचे कण चिकटून ते होतं, ती गळती नव्हे. त्या कड्यावरून चांगले प्लग फेकले जातात. टोक कोरडं काळं असेल तर मिश्रण घट्ट, पेट्रोलने ओलं असेल तर ठिणगीच नाही, पांढरं फटक आणि फोड आलेलं असेल तर मिश्रण पातळ किंवा प्लग गरम.

अदलाबदल, पण एका वेळी एकच

कोड एका सिलिंडरचा असेल तर याहून स्वस्त तपासणी नाही. समजा पी०३०२ आहे. २ नंबरची कॉइल ३ वर, ३ ची २ वर लावा. कोड पुसा, तीच परिस्थिती पुन्हा आणा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष, आता प्लगची अदलाबदल. तोही निर्दोष निघाला तर इंजेक्टर. कॉइल आणि प्लग एकदम बदलून दोष गेला तर तुम्हाला काहीच कळलं नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा दोन्हींचे पैसे.

दोन पिनच्या कॉइलचा रोध मल्टीमीटरने मोजता येतो. तीन-चार पिनच्या कॉइलमध्ये आत इग्निटर असतो. तिथे ओहमचा आकडा काही सांगत नाही, अदलाबदलच करा. साध्या मल्टीपॉइंट इंजेक्टरचा रोध बहुधा १२ ते १६ ओहम. चारांमधला एकच वेगळा दिसला तर तो बाजूला काढा.

इनटेक: पाइपची रुंदी आणि पेट्रोलचा हिशेब

फिल्टरनंतरच्या पाइपवर तारांचा सेन्सर असेल तर ती एअर-फ्लो मीटरची गाडी. सेन्सर स्वतःपुढून जाणारी हवा मोजतो आणि पाइपची रुंदी ठरलेली धरून एकूण हवा काढतो. मूळ पाइप आतून ६० मिमी होता आणि नवा ६५ मिमी घेतला, तर क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढलं. तेवढीच हवा आता सेन्सरपुढून हळू जाते, ईसीयूला ती सुमारे १५ टक्के कमी दिसते आणि पेट्रोल तेवढं कमी पडतं. लाँग टर्म ट्रिमला १७ टक्क्यांच्या आसपास वर जावं लागतं. त्यात पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. चिकोडी-रायबाग-अथणीच्या पट्ट्यातला ऊस इथेनॉल होऊनही आपल्या टाकीत येतो. ई१० ला एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.१ किलो हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे आणखी ४-५ टक्के पेट्रोल हवं. दोन्ही मिळून ट्रिम २०-२२ वर. बऱ्याच गाड्यांची मर्यादा २५ च्या आसपास असते, त्यापुढे पी०१७१ (मिश्रण पातळ असल्याचा कोड) येतो, आणि पूर्ण पाय दाबल्यावर ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती बंद असल्याने मिश्रण पातळच राहून मिसिंग होतं.

यावर उपाय दोनच: मूळ व्यासाचं सेन्सरचं घर नव्या पाइपमध्ये बसवणं, किंवा ट्यूनरकडून सेन्सरचं कोष्टक सुधारून घेणं. ट्रिम कसा वाचायचा? अधिक-उणे ५ पर्यंत ठीक, १० च्या पुढे संशय. आयडलला +१८ आणि २५०० आरपीएमला +३ असेल तर सेन्सरनंतर कुठेतरी हवा आत येतेय. आयडलला ठीक आणि लोडबरोबर वाढत गेला तर सेन्सर कमी मोजतोय किंवा पंपाचा दाब पडतोय.

ज्या गाडीत एअर-फ्लो मीटरच नाही, फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे, तिथे हा नियम तसाच लावू नका. गळतीची हवा दाबात मोजली जाते, म्हणून ट्रिम फारसा हलत नाही. आयडल मात्र वर चढतो आणि थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त बंद दिसतो. इग्निशन ऑन करून, इंजिन बंद ठेवून मॅपचा आकडा बघा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथे ९२-९३ किलोपास्कल दिसायला हवा. गोव्यात किनाऱ्यावर तोच १०१ दिसेल. बेळगावात १०१ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. मुंबईच्या आकड्यांवर बसवलेलं रीमॅप इथे तपासताना हा फरक ट्यूनरला आवर्जून सांगा.

कापडी फिल्टरला तेल जास्त लागलं की ते एअर-फ्लो सेन्सरच्या तारेवर बसतं. सेन्सर क्लीनरनेच धुवा, कार्ब क्लीनरने नाही, आणि तारेला बोट लावू नका. शिवाय खानापूर, जांबोटीच्या लाल मातीत उघडा कोन फिल्टर लवकर भरतो. ऑइल कॅच कॅन बसवला असेल तर त्याच्या दोन्ही नळ्यांचे क्लिप बघा. साध्या पाण्याची रबरी नळी वापरली असेल तर ती गरम होऊन चेपते किंवा फुटते, आणि मग पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी, वाट हीच व्हॅक्युम गळती होते.

हेडर आणि एक्झॉस्ट

आपल्याकडे एक्झॉस्ट उद्यमबागेत बनवून घेणं सोपं आहे, आणि तिथलं काम चांगलंही असतं. पण वेल्डिंगने फ्लँज तापून वाकतो. पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी केसाएवढी फट राहिली तरी एक्झॉस्टच्या ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू पेट्रोल ओततो, आणि प्लग काळे होऊन मिसिंग सुरू होतं. म्हणजे कोड मिसिंगचा, ट्रिम अधिक, पण प्लग काळे. हे तिन्ही एकत्र दिसले की इंजेक्टर विसरा आणि गळती शोधा.

फ्लँजवर सरळ पट्टी उभी धरा, खाली ०.१ मिमीचा फिलर जात असेल तर ग्राइंडरवर सपाट करून घ्या. पत्र्याची दोन गॅस्केटं एकावर एक घालून भागत नाही. मग थंड इंजिन सुरू करून मागचं तोंड जाड कापडाने काही सेकंद अर्धवट दाबा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. फुगे येतात तिथे गळती. गरम एक्झॉस्टवर ब्रेक क्लीनर किंवा कुठलाही पेट घेणारा स्प्रे मारू नका.

सेन्सरचा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) वेल्ड करताना तो आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर कललेला ठेवा, नाहीतर वाफेचं पाणी सेन्सरात साचून तो तडकतो. आटे बहुधा एम१८ गुणिले १.५, टॉर्क ४० ते ५० न्यूटन-मीटर. वायर ताणली किंवा पाइपला टेकली असेल तर ती महिनाभरात वितळते. आणि गाडीवरच वेल्डिंग होत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा.

कॅट काढून टाकण्याचा सल्ला इथे मिळणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि ती दुर्गंधी आपल्याच गल्लीतली मुलं श्वासात घेतात.

इंजिन शांत चालतं, तरी कोड येतो

हलकं फ्लायव्हील, हलकी क्रँक पुली, कडक माउंट किंवा मोठा कॅम बसवल्यावर हे होतं. बऱ्याच गाड्यांत क्रँकच्या चाकावर ६० दातांची जागा असते, त्यातले २ दात मुद्दाम गाळलेले. ईसीयू दातामागून दात किती वेळात गेला ते मोजतो. फ्लायव्हील हलकं झालं की चांगल्या पेटलेल्या दोन सिलिंडरांच्या मधेही वेग जास्त वर-खाली होतो आणि ईसीयूला ते मिसिंग वाटतं. क्लच-फ्लायव्हील बदलल्यावर स्कॅनरमधून क्रँकची शिकवण पुन्हा करून घेतली का, हे विचारा; अनेक कंपन्यांत ती सोय असते. दातांच्या चाकावर एक दात चेपला असेल किंवा सेन्सरची फट वाढली असेल तरी पी०३०० येतो.

खड्ड्यांचाही यात हात आहे. मॅन्युअल गिअरच्या गाडीत रस्त्याचे हादरे चाकातून, गिअरबॉक्समधून थेट क्रँकपर्यंत पोचतात. बरेच ईसीयू एबीएसच्या चाकांच्या वेगावरून खराब रस्ता ओळखून त्यावेळी मोजणी थांबवतात. एबीएसचा एखादा सेन्सर बंद असेल तर ही सोय जाते. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावरच कोड येतो आणि हायवेला येत नाही, असं असेल तर आधी एबीएसचे कोड वाचा.

रीमॅपमध्ये मिसिंगची नोंदच बंद करून देणारेही भेटतात. दिवा जातो, कॅट जळत राहते. असं करून घेऊ नका, आणि सेकंडहँड ट्यून केलेली गाडी घेताना मिसिंगचं मॉनिटर चालू आहे का ते तपासा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर खानापूर, कणकुंबीकडे राहणाऱ्यांना हा वेगळाच त्रास. बॉनेटखाली फोमवॉश मारला किंवा मूळ प्लास्टिक कव्हर काढून टाकलं की प्लगच्या विहिरीत पाणी जातं. कॉइल काढण्याआधी आणि काढल्यावर विहिरीत हवेचा झोत मारा; तसाच प्लग सोडला तर साचलेली माती सिलिंडरमध्ये पडते. पाण्याऐवजी तेल दिसलं तर टॅपेट कव्हरच्या आतलं नळीचं सील गेलंय, ते बदलल्याशिवाय नवा बूट टिकत नाही. बूटच्या आतल्या कडेला वाटाण्याएवढं डायलेक्ट्रिक ग्रीस पुरे. ई२० ओलावा धरतं, म्हणून पावसाळाभर उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नका.

याच वेळी अर्थिंग बघा. रंगकाम किंवा नवा ॲम्प्लिफायर बसवताना बॉडीची अर्थ रंगावरच घट्ट केलेली असते. स्टार्टर मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरी निगेटिव्हमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड घासून स्वच्छ करा. चालू इंजिनावर बॅटरीला १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत.

सगळं ठीक निघालं तर कम्प्रेशन

इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे सॉकेट काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, चार-पाच ठोके. बेळगावच्या उंचीवर आकडा किनाऱ्यापेक्षा ७-८ टक्के कमीच येणार, म्हणून पुस्तकातल्या आकड्याला घाबरू नका. चारांमधला फरक बघा. तो १० टक्क्यांच्या आत हवा. एक कमी आला तर त्यात चमचाभर, म्हणजे ५ मिली इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. २ आणि ३ दोन्ही कमी आणि तेल घालूनही तसेच, तर वर सांगितलेलं मधलं गॅस्केट.

दोष गेला हे कसं ठरवायचं

कोड पुसून गावात फेरी मारून भागत नाही. फ्रीझ फ्रेममध्ये जी परिस्थिती होती तीच पुन्हा आणा. चढावरचा दोष असेल तर वंटमुरीचा चढ किंवा चोर्ला घाटाचा चढ. थंड इंजिनाचा असेल तर रात्रभर उभी ठेवून पहाटेची पहिली सुरुवात. एकाने चालवायचं, दुसऱ्याने मोबाइलवर आरपीएम, मॅप, टायमिंग, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि दोन्ही ट्रिम रेकॉर्ड करायचे. ट्यूनर पुण्याला किंवा बेंगळुरूला असेल तर हाच लॉग पाठवा, "हिसके देते" एवढ्यावर त्याला काही करता येत नाही.

दिवा पुसला नाही तरी सलग तीन निर्दोष ड्राइव्हनंतर तो आपोआप विझतो, आणि कोडची नोंद साधारण ४० वेळा इंजिन तापून थंड झाल्यावर जाते. मोड ०६ मध्ये ०सी शून्य किंवा एक-दोनवर राहिला आणि दहा ड्राइव्हनंतर ०बी ही खाली आला, तर काम झालं. ०सी पुन्हा त्याच सिलिंडरला चढू लागला, तर मूळ इनटेक आणि मूळ प्लग परत बसवून आठवडाभर चालवा. त्यासाठीच काढलेले जुने पार्ट सिलिंडरचा नंबर लिहून जपून ठेवायचे.